हिराजीकाकांची पन्नासची

हिराजी म्हात्रे यांनी पहिल्याच भेटीत मला दुकानातून जवळजवळ हाकलून दिलं होतं.

उरणला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला येऊन मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी मूळची महाडची. इथे भाड्याच्या खोलीत एकटी राहायचे, आणि रविवार खायला उठायचा. त्या रिकामपणातून मुंबईहून एक जुना जपानी कॅमेरा घेतला. फिल्मवर चालणारा, मोठ्या निगेटिव्हचा, एका रोलवर चौकोनी बाराच फोटो देणारा. त्याच्या लेन्सा बदलता येत. विकणाऱ्यानं पन्नास, ऐंशी आणि दीडशे मिलिमीटर अशा तिन्ही लेन्सा सोबत दिल्या होत्या आणि म्हणाला होता, "आठ दिवस बघा, नको त्या परत करा." कुठली ठेवायची ते मला कळेना. कॉलेजातल्या शिपायानं सांगितलं, बाजारात म्हात्रेंचा स्टुडिओ आहे, त्यांच्याकडे असलाच कॅमेरा असायचा.

स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराची खोली. पुढचा अर्धा भाग त्यांच्या भाच्याला दिलेला, तिथे मोबाइलची कव्हरं लटकत होती. मागच्या भागात, रस्त्याकडे पाठ करून, सत्तरीचा एक काटकुळा माणूस बसला होता. पांढरा हाफ शर्ट, खिशात कापडाचा तुकडा, आणि चेहरा असा की आत्ताच कुणीतरी वाईट बातमी सांगून गेलंय.

मी बॅग उघडली. त्यांनी तिन्ही लेन्सा काउंटरवर ओळीनं मांडल्या, एकेक उचलून ट्यूबलाइटकडे धरून आरपार पाहिली. मग ऐंशीची माझ्यापुढे सरकवली आणि बाकीच्या दोन बॅगेत टाकून चेन लावली.

"ही ठेव. बाकी परत कर. बारा महिने दुसरीचं नाव काढायचं नाय."

मी म्हणाले, "पण मला खाडी, समुद्र असं काढायचंय. त्याला रुंद लेन्स लागेल ना? पन्नासची?"

"रुंद कनाला?"

"सगळं मावायला."

"सगळं कोनाचंच मावत नाय," ते म्हणाले. "जा आता बाय, मना काम हाय."

काम काहीच नव्हतं. पण मी उठले, आणि पुढच्या रविवारी ऐंशीच्या लेन्सवर काढलेला पहिला रोल घेऊन परत गेले. तिथून साडेतीन वर्षं मी त्यांच्याकडे जात होते.

त्यांनी मला शिकवलं असं म्हणायला ते तयार नसत. "मी काय शिकवतंय? तू फिल्म नासवतेस, मी बघतंय." शिकवण्याची त्यांची पद्धत म्हणजे शिंप्याची टेप. बाजारातून चालताना अचानक थांबायचे आणि विचारायचे, "तो पाववाला किती फुटावर?" मी म्हणायचे, बारा. ते टेप काढून मोजायला लावायचे. सतरा निघायचे. पाववाला ओशाळून हसायचा, काका हसायचे नाहीत. "पाच फूट खोटं बोललीस," म्हणायचे. अंदाज चुकला की ते चुकलं म्हणत नसत, खोटं बोललीस म्हणत. सहा महिन्यांनी माझा अंदाज अर्ध्या फुटावर आला, तेव्हाही शाबासकी नाही. नुसती टेप माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ठेव तुझ्याकडं."

ऐंशीच्या लेन्सबद्दल त्यांचं म्हणणं साधं होतं. माणूस पुरता हवा असेल तर त्याच्याजवळ चालत जावं लागतं. जवळ गेलं की तो विचारतो, कशाला काढता? मग उत्तर द्यावं लागतं. "तेवढं उत्तर देता येत नसंल तर फोटो काढू नये." पन्नासच्या लेन्सला ते 'पळपुटी' म्हणत आणि लांबून डोकावणाऱ्या दीडशेच्या लेन्सला 'चहाडखोर'. मला हे सगळं एका तऱ्हेवाईक म्हाताऱ्याचं बोलणं वाटायचं. मी वर्गात भिंगांची गणितं शिकवणारी बाई. लेन्सला चारित्र्य नसतं हे मला ठाऊक होतं.

दर शुक्रवारी ते काचेचं कपाट उघडून सगळं सामान पुसत. दोन जुने कॅमेरे, प्रकाश मोजायचं मीटर, चार-पाच लेन्सा. समुद्राची हवा, काचेवर बुरशी चढायला वेळ लागत नाही. पण वरच्या फळीवर एक लेन्स होती, तिला त्यांचा हात लागत नसे. त्यांची स्वतःची पन्नासची. तिच्या आत बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांचं जाळं झालेलं लांबूनही दिसायचं. एकदा मी म्हणाले, "मी पुसू का?"

"नको. लागूदे बुरशी."

तऱ्हेवाईकपणा त्यांना महागही पडायचा. किहीमला एका बिल्डरनं नारळाच्या वाडीत बंगले बांधले होते. त्याला जाहिरातीसाठी फिल्मवरच काढलेले फोटो हवे होते, हल्ली तशी फॅशन आहे. गाडी पाठवली. मी सोबत गेले. बंगल्यामागे पोहण्याचा तलाव होता, चार म्हशी डुंबतील एवढा. बिल्डरचा माणूस म्हणाला, "काका, रुंद लेन्स लावा, तलाव जरा मोठा दिसू दे."

काकांनी तलावाकडे पाहिलं. "मोठा दिसायला पायजे तर मोठा खनायचा होता."

तो माणूस हसला. त्याला वाटलं गंमत आहे. काकांनी कॅमेरा बॅगेत ठेवला, आणि आम्ही एसटीनं परत आलो. वाटेत पोयनाडजवळ मी म्हणाले, "एवढं काय होतं त्यात? तलावच तर होता."

"बाय," ते म्हणाले, "तुना नाय कलायचं."

गावातली जुनी माणसं त्यांच्याकडे येत नसत, हेही माझ्या हळूहळू लक्षात आलं. लग्नसराईत बाजार माणसांनी फुलायचा. त्यांच्या खाडीकाठच्या गावातल्या बायका दुकानासमोरून जायच्या, भाच्याशी बोलायच्या, मागे बसलेल्या काकांकडे बघायच्या नाहीत. एकदा एक म्हातारी ढवळारीण, लग्नातली गाणी म्हणणारी, मोबाइलचं कव्हर घ्यायला आली. मी हौसेनं काकांना म्हणाले, "यांचा फोटो काढू या?" म्हातारीनं ते ऐकलं. कव्हर तिथेच ठेवून निघून गेली. आणि पूर्वेकडे कंटेनरची यार्डं आहेत तो रस्ता काका कधीच घेत नसत. स्टँडवर जायलाही मागच्या गल्लीतून वळसा.

बारा महिन्यांचं वचन मी तीन वर्षं पाळलं. मग मोडलं. त्यांना न सांगता मुंबईहून पन्नासची लेन्स घेतली आणि एका रविवारी सकाळी खाडीवर गेले. ओहोटी होती. बांधावर उभी राहून मी एक फोटो काढला: समोर ओल्या चिखलाचा पट्टा, वर ढगांनी भरलेलं आभाळ, आणि मध्ये एक बारीक रेघ, तोच पलीकडचा बांध. तो फोटो मी मोठा करून घेतला. मला तो माझा सगळ्यात चांगला फोटो वाटला. अजूनही वाटतो, हे कबूल करायला हवं.

तो घेऊन मी त्यांच्या घरी गेले. घर दुकानाच्या मागेच, दोन खोल्यांचं. सुभद्राकाकू पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. काकांनी फोटो दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ पाहिला. ओरडतील म्हणून मी तयारीत होते. ते ओरडले नाहीत.

"हितं कोन होता?" त्यांनी विचारलं.

"कुठे?"

त्यांनी मधल्या रेघेवर बोट ठेवलं. "हितं. बांधावर."

मी आठवून पाहिलं. दोन बायका होत्या, खेकडे धरत होत्या बहुतेक. फोटोत त्या दोन ठिपके झाल्या होत्या, भिंगाखाली धरल्या तरच दिसतील अशा.

"असाच मीबी काढला," काका म्हणाले. आणि मग त्यांनी सांगितलं.

वीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या गावची मिठागरं एका खाजगी गोदामवाल्या कंपनीनं घ्यायला काढली. जमिनीचा मालक मुंबईचा, त्यानं विकली. प्रश्न होता तिथे पिढ्यान् पिढ्या राबणाऱ्या घरांचा. मिठागर चालू असेल तर राबणाऱ्या प्रत्येक घराला भरपाई आणि एक नोकरी. बंद पडलेलं असेल तर काही नाही. कंपनीचं म्हणणं, ते कधीचं बंद आहे. कंपनीच्या साहेबाला जागेचे मोठे, स्वच्छ फोटो हवे होते, भिंतीवर लावता येतील असे. तेव्हा उरणमध्ये तेवढी मोठी निगेटिव्ह एकट्या हिराजी म्हात्र्यांकडे होती.

साहेबानं त्यांना दसऱ्याच्या आधी नेलं. पाऊस नुकताच सरलेला. मिठाचं काम दिवाळीनंतर सुरू होतं. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणवाटेची, दारं लावून भरतीचं पाणी वाफ्यांत अडवायचं, मग ऊन. दसऱ्याला तिथे नुसता चिखल आणि साचलेलं पाणी असतं. "साहेब बोलला, सगली जागा एका फोटोत आली पायजे. मी पन्नासची लावली. खाली बसून काढला. आभाल अर्धं, चिखल अर्धा. पलीकडच्या बांधावर आमची खोपटी व्हती, मानसं व्हती. माझा भाऊ जनार्दन तिथं बांध लिंपत व्हता. मना डोल्यांनी दिसत व्हता तो. फोटोत नाय दिसला."

भरपाईच्या सुनावणीला तो फोटो खांबावर टांगला होता, चार फूट बाय चार फूट. साहेबानं छडीनं दाखवलं आणि विचारलं, कुठे आहेत वाफे? कुठे आहेत मिठाच्या राशी? माणसं कुठे आहेत? गावातली माणसं ओरडायला लागली, की हा पावसाळ्यानंतरचा आहे, आमचं काम चालू आहे. साहेब म्हणाला, मग दाखवा तुमच्याकडचा फोटो. जनार्दन चिडून पुढे गेला, फोटो खांबावरून ओढला. तो उलटा खाली पडला. मागे निळ्या शाईत शिक्का होता, स्टुडिओचं नाव आणि पत्ता. काकांनी स्वतः मारलेला, नीट, सरळ.

"भावानं वाचला," काका म्हणाले. "मोठ्यानं नाय वाचला. वाचून माझ्याकडं बघितलान्. मी मागच्या बाकड्यावर व्हतो."

चाळीसच्या वर घरं होती. कुणालाच काही मिळालं नाही. जनार्दनला पुढे त्याच जागेवर झालेल्या यार्डाच्या गेटवर वॉचमनची नोकरी लागली, ठेकेदाराकडून, हातावर पोट. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. आई गेली तेव्हा खांदा द्यायलाही जनार्दननं त्यांना पुढे येऊ दिलं नाही.

काकांनी माझा फोटो परत दिला. "म्हनून बोलतंय. ती लेन्स वाईट."

तेव्हा पडवीतून सुभद्राकाकू बोलल्या, वालाच्या परातीवरची मान वर न करता.

"भिंगाचा काय दोष? दर साली पौषात हे मिठागरावर जायचे. राशी, फावडी, पोरं, बाया, सगल्यांचे फोटो काढायचे. डबा भरून हायेत कपाटात. साहेब बोलला, तुमचा फोटो दाखवा, तवा हे बाकड्यावर बसले व्हते, डबा घरात व्हता. दहा मिनटांची वाट. उठले नाय."

काकूंनी सोललेला वाल परातीत टाकला.

"साहेबानं अजून काम देतो सांगितलं व्हतं," काकू म्हणाल्या. "आन् त्या दिवशी फोटो काढून घरी आले तवा मना काय बोलले ते मी इसरले नाय. साहेबाला पायजे तसा आला, असं बोलले."

मी काकांकडे पाहिलं. ते नाकारतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी खिशातलं कापड काढलं, चष्मा पुसला, पुन्हा घातला. वीस वर्षं हा माणूस एका काचेच्या तुकड्याला शिक्षा करत बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्यापासून सावध करत होता. त्याच्या बायकोला खरं ठाऊक होतं, आणि त्यालाही.

इथे मी गप्प राहायला हवं होतं. पण मी शिक्षिका. चुकलेलं गणित दुरुस्त करता येतं अशी माझी समजूत. मी म्हणाले, "ते फोटो अजून देता येतील. जनार्दनकाकांना तरी."

काकांनी पंधरा दिवस विषय टाळला. मग एका शुक्रवारी पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. निगेटिव्ह एकमेकींना चिकटल्या होत्या. काही सोडवताना फाटल्या. बऱ्याचशा मुंबईच्या लॅबवाल्यानंही नको म्हणून परत केल्या. हाती लागले अकरा फोटो. मी ते मोठे करून घेतले.

मी आयुष्यात पाहिलेले सगळ्यात चांगले फोटो होते ते. पांढऱ्या राशींच्या मध्ये उभ्या असलेल्या बायका, कमरेला लुगडी खोचलेल्या, मिठानं फाटलेली पावलं. तराजूशी भांडणारा एक म्हातारा. टोपलीत झोपलेलं मूल. प्रत्येक जण सरळ काढणाऱ्याकडे बघत होता आणि ओळखीचं हसत होता. ऐंशीची लेन्स, सहा-सात फुटांवरून. एवढ्या जवळून ही माणसं ज्यानं पाहिली होती, तो त्यांच्यासाठी बाकावरून उठला नाही. मला त्यांचा राग आला, आणि तो राग अजूनही पुरता गेलेला नाही.

जनार्दनकाकांच्या घरी मी एकटीच गेले. हिराजीकाका रिक्षातून यार्डाच्या भिंतीपर्यंत आले आणि तिथेच उतरले. "तू जा. मी हितं थांबतंय." जो रस्ता ते कधी घेत नव्हते त्याच रस्त्यावर, ट्रेलरांच्या धुळीत, ते उभे राहिले.

जनार्दनकाका भावासारखेच काटकुळे. मी कॉलेजात शिकवते, जुने फोटो मिळालेत, एवढंच म्हणाले. त्यांनी हात धुतले, चटईवर बसले आणि एकेक फोटो घेतला.

"ही आमची आय," ते म्हणाले. "ही पोशाची बायको, धाकलीबाय, ही आटपली. हा जोमा. दारू प्यायला लागला काम गेल्यावर, आटपला. ह्यो पोशाच. ह्यो टोपलीतला पोर माझा. ट्रेलरवर चालक हाय आता, गुजरातकडं असतो." असं अकराही फोटोंतल्या माणसांचं नाव घेतलं. एकही चुकलं नाही. मग सगळे फोटो नीट एकावर एक रचून माझ्याकडे सरकवले.

"ठेवा ना," मी म्हणाले. "तुमच्यासाठीच आणलेत."

"आता कोनाला दाखवू, बाय? ज्याला दाखवायचे व्हते तो साहेब गेला. ज्यांचे दाखवायचे व्हते ती मानसं गेली." ते उठले. "आयचा तेवढा ठेवतंय."

वरचा फोटो उचलून ते आत गेले आणि बाहेर आले नाहीत. त्यांच्या सुनेनं मला कोरा चहा दिला.

परत भिंतीशी आले तेव्हा हिराजीकाका तिथेच होते. बसायला जवळ दगड होता, पण ते बसले नव्हते. मी सांगितलं, त्यांनी सगळ्यांना ओळखलं. आईचा ठेवून घेतला.

त्यांनी मान हलवली. "सगल्यांची नावं घेतली?"

"हो."

एक ट्रेलर गेला, तो जाईपर्यंत ते थांबले. मग त्यांनी विचारलं, "फोटो कोनी काढले, इचारलान् का?"

हो म्हणणं सोपं होतं. एकच अक्षर. त्या माणसाला बरं वाटलं असतं, आणि मला वाटतं त्याला तेवढंच हवं होतं. पण साडेतीन वर्षं त्यानंच मला अर्ध्या फुटाचाही हिशेब खरा द्यायला लावला होता.

"नाही," मी म्हणाले. "नाही विचारलं."

"बरं," काका म्हणाले.

मी रिक्षा थांबवली. ते म्हणाले, तू पुढं हो, मी चालत येतंय. बाजारापर्यंत चांगलं तीन किलोमीटर अंतर होतं आणि ऊन तापलं होतं. मी आग्रह केला नाही. पुढच्या महिन्यात माझी बदली माणगावला झाली, सामान बांधण्याच्या गडबडीत भेटायला जमलं नाही, आणि दिवाळीनंतर भाच्याचा फोन आला की मामा गेले. मला आठवतात ते रिक्षाच्या मागच्या काचेतून दिसलेले: पांढरा शर्ट धुळीनं मळलेला, यार्डाच्या उंच भिंतीच्या कडेकडेनं चालताना. सुरुवातीला त्यांची चाल कळत होती. मग नुसता शर्ट. वळणाआधी भिंत तेवढी दिसत होती.